मास्तर

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विशेष काही नाही, आळस. परवा मात्र इन्कम टॅक्सचा एक कागद शोधताना (तो अजूनही सापडलेला नाही) कपाटाच्या खालच्या खणात फुलस्केपची एक घडी हाताला लागली. उघडून बघतो तर अण्णांचं अक्षर. आता हात थरथरतो म्हणून जरा वाकडं, पण वेलांट्या आणि उकार सगळे जागच्या जागी. सुरुवात अशी –

'माननीय श्री. ऑस्कर ताबारेझ गुरुजी यांस, स. न. वि. वि.'

घशाशी काहीतरी आलं. कारण हे पत्र अण्णांनी मला २०२१ च्या डिसेंबरात पोस्टात टाकायला दिलं होतं. आणि मी "टाकतो" म्हणून सांगितलं होतं.

आता हे ताबारेझ गुरुजी कोण, ते आधी सांगतो. फुटबॉल न बघणाऱ्यांनी (आत्या, तू सुद्धा!) लगेच खिडकी बंद करू नये. यात ऑफसाइड वगैरे काही येणार नाही.

ऑस्कर वॉशिंग्टन ताबारेझ. जन्म ३ मार्च १९४७, मॉन्टेव्हिडिओ, उरुग्वे. म्हणजे अण्णांपेक्षा दोन वर्षांनी लहान. उरुग्वे हा ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेला चिमुकला देश. लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अडतीस लाखांच्या वर होती, यावरून काय ते समजा. आणि या देशाने १९३० आणि १९५० असे दोन विश्वचषक जिंकलेत! आमच्याकडे विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, घरांच्या भिंती पिवळ्या नाहीतर निळ्या-पांढऱ्या होतात. उरुग्वेचा झेंडा लावलेला मी तरी कोल्हापुरात पाहिलेला नाही.

तर हे ताबारेझ पेशाने प्राथमिक शिक्षक. अगदी खरोखरचे. उरुग्वेत १८७७ च्या कायद्यापासून प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे, सरकारी शाळेतली पोरं पांढरा डगला घालतात आणि गळ्याला मोठा निळा बो बांधतात. अशा पोरांना हा माणूस मॉन्टेव्हिडिओच्या कामगार वस्तीतल्या शाळांमध्ये शिकवायचा, आणि शाळा सुटली की फुटबॉलचा सराव करायचा. म्हणून त्यांचं नाव पडलं 'एल माएस्त्रो'. इंग्रजी पेपरवाल्यांना वाटतं माएस्त्रो म्हणजे कुणी थोर वादक-बिदक. तसं नाही. स्पॅनिशमध्ये शाळामास्तरालाही माएस्त्रोच म्हणतात. गंमत म्हणजे आपला 'मेस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, आणि तो, हा माएस्त्रो आणि आपला मास्तर हे सगळे मुळात एकाच लॅटिन शब्दाचे नातेवाईक. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे आमच्यातलेच की!"

खेळाडू म्हणून ताबारेझ कसे होते? बेताचे. बचावफळीत खेळायचे. सुद अमेरिका, वाँडरर्स, फेनिक्स, बेया व्हिस्ता असे मॉन्टेव्हिडिओतले लहान-मध्यम क्लब, मध्ये थोडे दिवस अर्जेंटिनात आणि मेक्सिकोच्या पुएब्लात. बत्तिसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, बूट काढून ठेवले. मला वाटतं मोठा खेळाडू नसणं हे मास्तर व्हायला बरंच असतं. ज्याला सगळं आपोआप येतं त्याला दुसऱ्याला का येत नाही हे समजत नाही. (माझं गणित कच्चं का राहिलं याचं उत्तर आमच्या हायस्कूलच्या एका अतिहुशार सरांकडे आहे. पण असो.)

१९८० मध्ये बेया व्हिस्ताच्या लहान पोरांपासून त्यांनी प्रशिक्षकाचं काम सुरू केलं. १९८३ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत उरुग्वेच्या तरुण संघाला सोन्याचं पदक. मग १९८७ मध्ये पेन्यारोल या मोठ्या क्लबाची सूत्रं हातात आली आणि त्याच वर्षी कोपा लिबर्तादोरेसचा अंतिम सामना. समोर कोलंबियाचा अमेरिका दे काली. दोघांनी एकेक सामना जिंकला, म्हणून तिसरा सामना सान्तियागोला. बरोबरी झाली असती तरी गोलांच्या हिशेबात करंडक कोलंबियाकडे जाणार होता. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळही संपत आलेला. आणि अगदी शेवटच्या क्षणी दिएगो अगिरे नावाच्या पोराने डाव्या पायाने गोल मारला! इंटरनेटवर ती फिल्म आहे, जरूर बघा. चित्र धुरकट आहे, पण निवेदकाचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो.

त्यावरून ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्या वेळी उरुग्वेची प्रतिमा फारच वाईट होती. १९८६ च्या विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध त्यांच्या होजे बातिस्ताला पहिल्याच मिनिटात लाल कार्ड दाखवलं होतं. पहिल्याच मिनिटात! ताबारेझनी या धसमुसळ्या संघाला १९८९ च्या कोपा अमेरिकात उपविजेता केलं, १९९० च्या मे महिन्यात वेम्बलीवर जाऊन इंग्लंडला हरवलं. पण विश्वचषकात इटलीने दुसऱ्या फेरीत २-० असं घरी पाठवलं आणि गुरुजींची नोकरी संपली.

पुढची बारा वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांनीही ती बहुधा सामान बांधण्यात-सोडण्यातच घालवली. बोका ज्युनियर्सला १९९२ मध्ये अकरा वर्षांनी लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. इटलीत कालिआरीला चांगलं काम केलं, त्यावरून १९९६ मध्ये एसी मिलानने बोलावलं. मिलान म्हणजे त्या काळी फुटबॉलमधलं इंद्रपद. डिसेंबर उजाडला आणि इंद्रपद गेलं. सहा महिनेही नाही! मग स्पेनमध्ये ओव्हिएदो, परत कालिआरी, अर्जेंटिनात व्हेलेझ, परत बोका. २००२ नंतर जवळजवळ चार वर्षं कुठलाच संघ नाही. पंचावन्न ते एकोणसाठ. आपल्याकडे या वयात मास्तर लोक पेन्शनची कागदपत्रं जमवत असतात.

आणि इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

२००५ च्या नोव्हेंबरात सिडनीमध्ये उरुग्वे पेनल्टी किक्सवर ऑस्ट्रेलियाकडून हरला आणि २००६ च्या विश्वचषकाला मुकला. तेव्हा तिथल्या संघटनेला आपल्या जुन्या मास्तरांची आठवण झाली. ताबारेझ आले ते हातात एक आराखडा घेऊनच. त्याचं नाव साधारण असं – 'राष्ट्रीय संघांचे संस्थात्मकीकरण आणि त्यांतील खेळाडूंची जडणघडण'. आमच्या शिक्षण खात्याचं परिपत्रकच जणू! पण आतली गोष्ट सोपी होती. पंधरा वर्षांच्या पोरांपासून मोठ्या संघापर्यंत सगळ्यांची एकच शाळा. एकच आवार, एकच पद्धत. लहानांनी मोठ्यांच्या शेजारच्या मैदानात खेळायचं. आणि फुटबॉल सोडून बाकीचंही शिकायचं. पोरांनी शाळा सोडायची नाही. सकाळी आलं की भेटेल त्याला नमस्कार करायचा – प्रशिक्षकाला, स्वयंपाकघरातल्या बाईंना, गवत कापणाऱ्या माळ्याला, सगळ्यांना. लुइस सुआरेझ आला तरी त्याने करायचा.

हे वाचल्यावर मला आमच्या शाळेच्या पायऱ्या आठवल्या. तिथे अण्णा सकाळी उभे असायचे आणि प्रत्येक पोराकडून "नमस्ते गुरुजी" येईपर्यंत त्याला आत सोडायचे नाहीत. मीही "नमस्ते गुरुजी"च म्हणायचो. घरी अण्णा, पायरीवर गुरुजी.

या नव्या शाळेचा निकाल काही लगेच लागला नाही. २००७ च्या कोपा अमेरिकात पहिलाच सामना पेरूकडून ३-० असा हरले. २०१० च्या विश्वचषकात जायला कोस्टा रिकाशी जादाचे दोन सामने खेळावे लागले. दुसरीकडे कुठे असते तर तेव्हाच नारळ मिळाला असता. पण या वेळी संघटनेने त्यांना वेळ दिला.

२ जुलै २०१०. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले, तारीख बदललेली. मी कोल्हापूरला घरीच होतो. बाहेर कोसळणारा पाऊस, केबल जाते की राहते अशी धाकधूक. आई झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. उरुग्वे विरुद्ध घाना. जादा वेळाचं शेवटचं मिनिट, १-१. घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलात शिरत होता आणि गोलरेषेवर उभ्या सुआरेझने तो चक्क दोन्ही हातांनी अडवला. लाल कार्ड. पेनल्टी. आसामोआ ग्यानने मारली ती क्रॉसबारला लागून वर गेली. मग पेनल्टी किक्सवर उरुग्वे ४-२ ने जिंकला आणि चाळीस वर्षांनी उपांत्य फेरीत पोचला.

मी भयंकर चिडलो होतो. चोर आहे साला, असं काहीतरी म्हणालो. अण्णा शांतपणे म्हणाले, "का? कार्ड दिलं ना? पेनल्टी दिली ना? पुढची मॅच पण नाही खेळणार तो. शिक्षा झाली. संपलं."

सामन्यानंतर ताबारेझ पत्रकारांना जवळजवळ हेच म्हणाले. हात आपोआप वर गेला, त्याला बाहेर काढलं, पुढचा सामनाही बंद, आता घानाची पेनल्टी हुकली ती पण त्याचीच चूक का? दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाचून अण्णा गालातल्या गालात हसले. त्या दिवसापासून ते ताबारेझना गुरुजी म्हणू लागले. उरुग्वे चौथा आला, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिएगो फोर्लानला सोन्याचा चेंडू मिळाला, आणि पुढच्या वर्षी अर्जेंटिनात जाऊन कोपा अमेरिका जिंकली. त्यांचा पंधरावा करंडक. लहान गटांचे संघही मागे नव्हते, २०११ ला सतरा वर्षांखालचा आणि २०१३ ला वीस वर्षांखालचा, दोन्ही संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गेले.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही, ती घानामुळे नव्हे. "शिक्षा झाली. संपलं" यामुळे.

कारण असं की मी चौथीत असताना अण्णांच्याच वर्गात होतो. मास्तरचा पोरगा असणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एकदा मधल्या सुट्टीत भांडणात मी एका मुलाला दगड मारला. कपाळाला तीन टाके पडले. चूक माझीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी अण्णांनी मला सगळ्या शाळेपुढे उभं केलं आणि सांगितलं, "हा माझा मुलगा आहे म्हणून याला दुप्पट शिक्षा." आठ दिवस मी वर्गाबाहेर उभा होतो. आतून त्यांचा शिकवण्याचा आवाज यायचा. आठ दिवसांत घरीही ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना भीती असणार, लोक म्हणतील मास्तरने पोराला पाठीशी घातलं. मला हे आज समजतं. नऊ वर्षांच्या मला समजत नव्हतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की अख्ख्या शाळेत एक माणूस तरी माझ्या शेजारी येऊन उभा राहायला हवा होता.

मग आला २०१४ चा विश्वचषक. २४ जून, इटलीविरुद्धचा सामना, आणि सुआरेझने किएलिनीच्या खांद्याला चावा घेतला. बरं, हे पहिल्यांदा नव्हे, तिसऱ्यांदा! आधी हॉलंडमध्ये खेळताना एकाला, मग इंग्लंडमध्ये एकाला. फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलबंदी अशी शिक्षा ठोठावली. सुआरेझला संघ सोडून घरी परतावं लागलं. आणि पुढच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत ताबारेझ आले, प्रश्न न घेता लांबलचक निवेदन केलं. शिक्षा अतिरेकी आहे, या मुलाला बळीचा बकरा केलंय, चुकलेल्याला आणखी एक संधी मिळायला हवी. फिफात एका समितीवर त्यांचं पद होतं, त्याचा तिथेच राजीनामा दिला. आणि सुआरेझला उद्देशून सांगितलं की तू एकटा नाहीस.

मी अजूनही म्हणेन की त्या निवेदनातला निम्मा भाग चुकीचा होता. त्यांनी बराच दोष इंग्रजी पत्रकारांना दिला. अहो, तिसऱ्यांदा चावला तो! त्यात पत्रकारांचा काय दोष? दात पत्रकारांचे होते का? खुद्द सुआरेझने पुढे तीनच दिवसांनी चूक कबूल करून जाहीर माफी मागितली. म्हणजे मास्तर ज्याच्यासाठी जगाशी भांडले तो पोरगाच म्हणाला, होय, मी केलं.

मी हे सगळं अण्णांना फोनवर तावातावाने सांगत होतो आणि बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "आणि तुम्ही? तुम्ही तर मला आठ दिवस बाहेर उभं केलं होतंत." तीस वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "तुझ्या बाजूला आई होती." आणि आईकडे फोन दिला.

खरं आहे ते. त्या आठ दिवसांत आई रोज दुपारी शाळेच्या कुंपणापाशी येऊन मला लाडू देऊन जायची. पण ते अण्णांना ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

२०१६ हे वर्ष आमच्याकडे वाईट गेलं. अण्णांचा मधुमेह जुना, त्याने पायांतल्या नसा गेल्या. डॉक्टरांनी शब्द वापरला 'न्यूरोपॅथी'. तळपाय बधिर, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, दोनदा पडले. वॉकर आणला. तो त्यांनी घरातल्या घरात वापरायला सुरुवात केली, पण वॉकर घेऊन रस्त्यावर यायला साफ नकार. त्यांचं म्हणणं, गावात निम्मे लोक माझे विद्यार्थी आहेत. "त्यांनी मला पायरीवर उभा बघितलाय." ५ सप्टेंबरला शाळेचं बोलावणं यायचं, तिकडे जाणं बंद केलं. बँकेत मला पाठवायचे. गॅलरीतून जग बघायचे.

आणि त्याच वर्षी ताबारेझही काठी घेऊन मैदानात दिसायला लागले. सरावाच्या वेळी बॅटरीवरच्या छोट्या गाडीतून फिरायचे. नसांचा जुनाट आजार. पेपरात शब्द होता – न्यूरोपॅथी. मी तो अण्णांना दाखवला नाही. कसा दाखवायचा?

२०१८ मध्ये त्यांनी स्वतःच पाहिलं. १५ जून, इजिप्तविरुद्धचा सामना, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. ताबारेझ एकाहत्तर वर्षांचे. बाकावर बसलेले, कुबडी बाजूला. सामना नुसता रखडत चाललेला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला हिमेनेझने डोक्याने गोल मारला आणि आमचे हे गुरुजी कुबडीच्या आधाराने ताडकन उठले आणि मूठ हवेत! चेहऱ्यावर अगदी पोरासारखा आनंद. कॅमेऱ्याने तेच परत परत दाखवलं. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत. जेवताना मात्र विचारलं, "याला पगार पूर्ण देतात का रे?"

त्या स्पर्धेत उरुग्वेने पहिले चारही सामने जिंकले. सौदी अरेबियाविरुद्धचा गोल सुआरेझचा, तो त्याचा देशासाठी शंभरावा सामना होता. पोर्तुगालला कवानीने दोन गोल मारून घरी पाठवलं आणि त्याच सामन्यात स्वतः जखमी झाला. फ्रान्सविरुद्ध तो नव्हता, आणि ते २-० ने हरले. सामना संपायला काही मिनिटं असताना फ्री किकची भिंत करून उभा असलेला हिमेनेझ रडत होता. सामना चालू असताना! रडत होता आणि जागा सोडत नव्हता.

त्या वर्षी ५ सप्टेंबरला अण्णा शाळेत गेले. ताबारेझमुळे गेले असं मी म्हणणार नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने, आता तोही आजोबा झालाय, घरी येऊन फारच गळ घातली होती. आणि गेले तेही कसे, तर कार्यक्रमाच्या तासभर आधी, रिक्षा अगदी दाराला लावून, लोक यायच्या आत खुर्चीत बसून. वॉकर पडद्यामागे ठेवायला लावला. परत येताना मात्र सगळ्यांच्या देखत तो मागवून घेतला, कारण पोरं पाया पडायला येत होती आणि उठल्याशिवाय त्यांच्या डोक्यावर हात पोचत नव्हता.

नोव्हेंबर २०२१. उरुग्वे ओळीने चार सामने हरला – अर्जेंटिनाकडून दोनदा, ब्राझीलकडून, आणि शेवटी बोलिव्हियाकडून ३-०. पात्रता फेरीत सातव्या क्रमांकावर घसरण. १९ तारखेला संघटनेने पत्रक काढून ताबारेझना मोकळं केलं. पंधरा वर्षांची नोकरी. दोन्ही खेपा धरून दोनशेहून जास्त सामने, चार विश्वचषक. खरं सांगायचं तर निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. नवे प्रशिक्षक दिएगो अलोन्सो यांनी उरलेले चारही सामने जिंकून विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. (तिथे पुन्हा घानाशी गाठ पडली, उरुग्वे जिंकला आणि तरीही गोलांच्या हिशेबात बाहेर पडला. सुआरेझ बाकावर बसून तोंड झाकून रडला. घानाच्या लोकांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.) २०२३ मध्ये बिएल्सा आले, फार मोठे प्रशिक्षक. पण २०२४ मध्ये सुआरेझने एका मुलाखतीत तक्रार केली की निदान गुड मॉर्निंग तरी म्हणा, अशी खेळाडूंना त्यांना विनंती करावी लागली. ते वाचून मला पायरीवरचे अण्णा आठवले आणि हसू आलं.

ताबारेझना काढल्याचं मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "निरोप समारंभ केला का?"

"नाही हो. नुसतं पत्रक काढलं."

"शाल-श्रीफळ?"

"अण्णा, तिकडे कुठे शाल-श्रीफळ..."

"तसं नाही रे. काहीतरी करतातच की. चार शब्द कोणीतरी बोलतं." मग जरा वेळाने, "पत्ता काढ त्यांचा. पत्र टाकू."

तेच हे पत्र. दोन दिवस बसून लिहिलं होतं. मी घडी घेतली आणि "टाकतो" म्हणालो. मनात म्हटलं, मराठीतलं पत्र उरुग्वेत कोण वाचणार? त्यानंतर दोन-तीनदा त्यांनी विचारलं, "पोचलं असेल ना?" मी म्हणालो, "पोचलं असेल." आणि आज कबूल करतो, घडी उघडून वाचलंही नव्हतं.

परवा वाचलं. पहिल्या पानावर अभिनंदन आणि सेवेबद्दल आभार. मग अर्धं पान पायांच्या काळजीबद्दल: रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, घरातही अनवाणी फिरू नये. पत्नीची प्रकृती विचारली आहे. आणि सही करण्याआधी या तीन ओळी –

'त्या चावऱ्या मुलाच्या बाबतीत आपण जे केलेत ते योग्य की अयोग्य हे मला सांगता येत नाही. माझ्याही वर्गात एक मुलगा होता. मला ते जमले नाही.'

तर, वाचकांपैकी कुणाला स्पॅनिश येत असेल तर कृपया कळवा. पत्र दोन पानी आहे. भाषांतर साधंच हवं, फक्त 'गुरुजी' हा शब्द बदलू नये. उरुग्वेच्या फुटबॉल संघटनेच्या पत्त्यावर पाठवायचा विचार आहे. आणि हे पोस्ट अण्णांना कुणी वाचून दाखवू नका, निदान पत्र खरोखर जाईपर्यंत तरी.